आवाज काढणारा बेसिल तुस्कानो

बेसिलचा फोन तुरुंगातून आला आणि त्याने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मित्राचा खून करून बसलेल्या माणसाने मला "काकू, गुडघे कसे आहेत?" असं विचारावं, याचा मला इतका संताप आला की मी फोन ठेवूनच देणार होते. पण त्याच्या कार्डावरची मिनिटं पळत होती, म्हणून त्याने घाईघाईने सांगून टाकलं. अपील फेटाळलं होतं. देहदंड कायम झाला होता. इथल्या, अमिरातीच्या कायद्यात आता एकच वाट उरली होती. मेलेल्याच्या वारसाने माफ केलं तर जीव वाचतो, मग नुसती कैद. अ‍ॅशलेला ना बायको, ना भाऊ. वारस एकटी त्याची आई, रेजिनाबाई, तिकडे वसईला.

"काकू, तुम्ही समरमध्ये इंडियाला जाताय ना? एकदा त्यांना भेटा. प्लीज. माझ्यासाठी दुसरं कोण जाणार? मरिसा तर माझा कॉलच घेत नाही." मरिसा त्याची सख्खी बहीण, वसईतच दिलेली.

"आणि मीच कशी आठवले तुला?"

"एक तुमचाच नंबर पाठ आहे, काकू. दर वर्षी प्रोग्रॅमसाठी लावायचो ना."

खरं होतं ते. गणपती असो, दिवाळी असो, महाराष्ट्र दिन असो, त्याचा फोन ठरलेला: "काकू, मला स्टेजवर पाच मिनिटं द्या." आता त्याच नंबरावर तो अख्खा जन्म मागत होता. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या नवऱ्याला, मुरलीधरना सांगितलं, तर ते मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "तू जाणार हे ठरलेलं आहे. उगाच आठवडाभर माझं डोकं खाऊ नकोस."

मी वासंती. दुबईच्या करामा भागातल्या एका जुन्या, बुटक्या इमारतीत माझी निम्मी हयात गेली. आमच्या मंडळाचे कार्यक्रम ऊद मेथाला एका शाळेच्या हॉलमध्ये होतात, आणि स्टेजवर कोण, कधी, किती वेळ जाणार हे मी ठरवते. हे एवढंसं राज्य मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते. लोक मला टरकून असतात आणि मला ते आवडतं, उगाच कशाला खोटं बोलू?

बेसिल पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा एका हॉटेलात वेटर होता. चकाकणारा काळा शर्ट, केसांना जेल, आणि हातात स्वतःच छापून आणलेलं कार्ड: बेसिल तुस्कानो, इंटरनॅशनल मिमिक्री स्टार.

"इंटरनॅशनल कसा रे तू?" मी विचारलं.

"काकू, दुबई इंटरनॅशनलच ना!"

मी हसले आणि तिथेच फसले. पाच मिनिटं दिली. त्या पाच मिनिटांत त्याने मेट्रोतल्या सूचना काढल्या, दरवाजे बंद होतानाच्या टिंगटाँगसकट. मॉलमधला मल्याळी सिक्युरिटी गार्ड काढला. व्हिसा ऑफिसातला "बुकरा, इन्शाल्ला" म्हणत उद्यावर ढकलणारा साहेब काढला. आणि शेवटी कंबरेवर हात ठेवून, मान जरा तिरकी करून तो म्हणाला, "कृपया पुढच्या रांगेतली लहान मुलं उचला. ही सोसायटीची बाग नाही." तो माझा आवाज होता. हॉल नुसता फुटला. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. माझी मुलगी अस्मी, जन्माने इथलीच, मला कोपर मारून म्हणाली, "मॉम, ओ माय गॉड, दॅट इज सो यू!"

मला राग आलाच. पण घरी आल्यावर मला वेगळंच काही छळत राहिलं. वाक्य संपलं की मी एक बारीकसा उसासा सोडते, तो त्याने बरोबर पकडला होता. इतक्या वर्षांच्या संसारात मुरलीधरना तो कधी ऐकू आला नव्हता. मीसुद्धा तो पहिल्यांदा बेसिलच्या तोंडून ऐकला. हा पोरगा माझ्यासमोर बसून किती लक्ष देऊन ऐकत असेल, असं वाटून मला जरा भरूनच आलं.

मग तो येत राहिला. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पोहे खायचा आणि बोलायचा. भुईगावचा तो. बापाची केळीची बाग आणि सोनचाफ्याची झाडं. लहानपणी मिसा संपल्यावर चर्चच्या आवारात त्याने फादरांच्या प्रवचनाची नक्कल केली, आणि फादर पाठीमागे उभे आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, त्याला एकट्याला सोडून. फादर रागावले नाहीत, उलट पोट धरून हसले. त्या दिवसापासून गावात तो प्रसिद्ध झाला. "पण काकू, बेसिल म्हणून नाही हं," तो म्हणाला. "फादरांचा आवाज काढणारा पोरगा म्हणून. लग्नात बोलवायचे ना, ते पण तसंच. अरे, त्या आवाज काढणाऱ्याला बोलवा. घरी येऊन पप्पांना विचारायचे, तुमचा तो आवाज काढणारा आहे का घरी?"

"मग त्यात काय बिघडलं?"

"नाव पाहिजे ना, काकू. माणसाला नाव पाहिजे."

हे तो हसत म्हणाला, पण पोह्यांची बशी तशीच राहिली. नाव व्हावं, पोस्टरवर यावं, रस्त्यात कुणीतरी थांबवून "तुम्हीच ना बेसिल तुस्कानो?" असं विचारावं, एवढ्यासाठी तो जगत होता. हॉटेलात सुट्टीच्या दिवशी स्वतःचे व्हिडिओ करायचा आणि मला पाठवून विचारायचा, "किती लोकांनी बघितलं असेल?" मी कशाला मोजत बसू? मी अंगठा पाठवायचे.

अ‍ॅशले डाबरे त्याच्याच खोलीत राहायला आला. करामात अशा खोल्या ढिगाने आहेत. एका हॉलचे पडदे लावून चार भाग करायचे, एकेक पलंग भाड्याने द्यायचा, याला बेड स्पेस म्हणतात. एका पडद्यामागे बेसिल, शेजारच्या पडद्यामागे अ‍ॅशले. दोघेही वसईचे, पण गावं वेगळी. अ‍ॅशले गिटार वाजवायचा, गायचा, आणि दिसायला असा की मंडळातल्या बायका पुढच्या रांगेसाठी भांडायच्या. त्याला कसलीच घाई नव्हती. कुणी टाळ्या वाजवल्या तर ठीक, नाही वाजवल्या तरी ठीक. असल्या माणसाला टाळ्या जास्त मिळतात. हे बेसिलला कळत होतं आणि सोसत नव्हतं, तरी दोघांची जोडी झाली. अ‍ॅशले गाणार, मध्ये बेसिल आवाज काढणार. लग्नं, ख्रिसमसचे कार्यक्रम, रेस्टॉरंटमधल्या शुक्रवारच्या मैफिली. ते दिवस बेसिलचे बरे गेले.

मग कोरोना आला. लग्नं बंद, हॉल बंद, हॉटेलं बंद. बेसिलची नोकरी गेली. त्याच वर्षी भुईगावला त्याची आई गेली, आणि विमानं बंद असल्यामुळे त्याला जाता आलं नाही. मरिसाने फोनवर दफन दाखवलं. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, दुसरं एखादं अ‍ॅप घ्यावं लागतं, तेही मध्येच अडकतं. चित्र तुटत होतं. त्याला आईचा चेहरा नीट दिसलाच नाही. त्यानंतर तो माझ्याकडे आला होता, पण मास्क लावून दारातच उभा राहिला, आत आला नाही. "आईचा आवाज काढता येतो मला," तो म्हणाला. "पण काढत नाही, काकू. कोणासमोर काढू?"

मी त्याला डबा भरून दिला.

बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका रेस्टॉरंटने अ‍ॅशलेला दर गुरुवारी गायला बोलावलं. बेसिललाही घ्या, असं अ‍ॅशलेनेच सांगितलं होतं, हे पुढे कोर्टात उघड झालं. पोस्टर लागलं. गिटार घेतलेल्या अ‍ॅशलेचा मोठा फोटो, आणि खाली इंग्रजीत: अ‍ॅशले अँड फ्रेंड्स. तो फ्रेंड्स म्हणजे बेसिल. त्याने मला त्या पोस्टरचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: काकू, मी कुठे आहे शोधा.

मी हसण्याचं चित्र पाठवलं. मला ती मस्करी वाटली.

त्यानंतर दोघे मलेहाच्या बाजूला वाळवंटात व्हिडिओ काढायला गेले. मावळतीचा उजेड चांगला असतो म्हणे. गाडी भाड्याची, कॅमेऱ्याचा स्टँड बेसिलचा. तिथे काय बोलणं झालं ते एकट्या बेसिललाच ठाऊक. कोर्टात तो म्हणाला, अ‍ॅशलेने त्याला कॅमेऱ्यामागे उभं राहायला सांगितलं आणि म्हणाला, "तू नको रे फ्रेममध्ये, गाणं सिरीयस आहे." बेसिलने स्टँड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही. मग हातांनी वाळू उकरून त्याला तिथे पुरलं आणि गाडी परत करून आला. कुणी हे किती सहज झालं असेल, कसं हातून घडलं असेल असं म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. पहिला घाव हातून घडला असेल. पुढचे त्याने घातले.

खोलीतल्या पोरांना त्याने सांगितलं की अ‍ॅशलेला रास अल खैमाच्या एका रिसॉर्टमध्ये काम मिळालं. अ‍ॅशलेचा फोन बेसिलने फेकला नाही. त्यावर वसईहून आईचा मेसेज आला होता: बरा आहेस ना? आणि बेसिलने पडद्यामागे बसून, अ‍ॅशलेच्या आवाजात उत्तर बोलून पाठवलं.

इथून कॉल लागत नाहीत, हे आखातात पोरं पाठवलेल्या सगळ्या आयांना पाठ आहे. त्यामुळे दुसरं अ‍ॅप बंद पडलंय, रिसॉर्टचं नेट कमजोर आहे, म्हणून आता बोलून पाठवतो, यात रेजिनाबाईंना काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं. रोज संध्याकाळी एक मेसेज जायला लागला. मम्मा, जेवलीस का. मम्मा, गुडघ्याला तेल लावलंस का. विहिरीवर एकटी जाऊ नको. त्याही उत्तर द्यायच्या, लांबलचक.

डॅनियल नावाचा मुलगा त्याच खोलीत राहायचा. एका संध्याकाळी तो कामावरून आला, तर पडद्यामागून अ‍ॅशलेचा आवाज. "अरे अ‍ॅशले, कधी आलास?" त्याने हाक मारली. पडदा सरकला आणि बेसिल बाहेर आला, तोंडभर हसत. "फसला ना? सांग, कसा काढतो मी?"

गप्प बसला असता, घसा बसलाय म्हणाला असता, तरी चाललं असतं. पण समोर ऐकणारा होता, आणि त्याला राहवलं नाही. उंट राखणाऱ्या एका माणसाला वाळूत प्रेत सापडलं, हातावरच्या गोंदणाचं वर्णन सगळीकडे फिरलं, तेव्हा डॅनियलला हीच गोष्ट आठवली. तो सरळ पोलिसांत गेला. ते आले तेव्हा बेसिल अ‍ॅशलेच्या पलंगावर बसून कानाला फोन लावून ऐकत होता. रेजिनाबाई त्याला सुक्या बोंबलाचं कालवण कसं करायचं ते सांगत होत्या. पोलिसांना तो म्हणाला, "एक मिनिट, एवढं ऐकून घेतो."

साऱ्या गल्फमध्ये बोंबाबोंब झाली. वसईत लोक पोरांना त्याची भीती घालायला लागले. पण इथली वर्तमानपत्रं आरोपीचं नाव छापत नाहीत. बातमी आली ती अशी: आशियाई तरुणाकडून मित्राची हत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरलं त्यातही तो होता आवाज काढणारा खुनी. एवढं मोठं पाप करूनही नाव काही झालं नाही. हे मी कुत्सितपणे म्हणते आहे, आणि मला त्याचं वाईटही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

तर मी वसईला गेले. मुरलीधर आले नाहीत, त्यांचा भाचा गाडीने सोडून गेला. बसकं कौलारू घर, मागे विहीर, कडेला केळी. रेजिनाबाई मॅक्सीवर टॉवेल टाकून ओसरीत बसल्या होत्या. आत अल्तारावर मरियेच्या तसबिरीशेजारी अ‍ॅशलेचा गिटार घेतलेला फोटो. मी कोण आणि कशाला आले आहे, ते गाडीत पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. माझी जीभ अशी कधी अडखळत नाही. त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"फादर येतात रोज," त्या म्हणाल्या. "क्षमा कर म्हणतात. येशूने केली म्हणतात. मी त्यांना सांगितलं, फादर, येशूला पोरगा नव्हता."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुम्हाला काय वाटतं, ताई? तुम्ही ओळखता ना त्याला?"

"मी त्याला माफ केलेलं नाही," मी खरं ते सांगितलं. "पण मला कुणी विचारलेलंही नाही. त्याने बोलावलं, म्हणून मी निरोप घेऊन आले. तुम्ही नाही म्हणालात, तर तसं सांगेन."

त्या एकदम म्हणाल्या, "मी त्याला ओळखलं होतं."

"कुणाला?"

"त्यालाच. पहिल्याच मेसेजला."

मला कळेना. पोलिसांनी, कोर्टाने, सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की खुद्द आईलाही कळलं नाही.

"आवाज अ‍ॅशलेचाच होता," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायचा तोसुद्धा. पण शेवटी म्हणाला, आशीर्वाद दे, मम्मा. आमच्यात संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की पोरं थोरांकडे आशीर्वाद मागतात. सगळ्या घरांत मागतात. माझ्या घरात नाही. अ‍ॅशलेचं बापाशी कधी पटलं नाही, मी बापाची बाजू घेतली, तेव्हापासून त्याने एकदाही मागितला नाही. बाप गेला तरी नाही. व्हिडिओ कॉल करायचा तो महिन्यातून एकदा. बरी आहेस? बरं, ठेवतो. बस. आवाज माझ्या पोराचा होता, ताई, पण बोलणारा पोरगा दुसऱ्या कुणाचा तरी होता."

बेसिलने आयुष्यात केलेली ही एकच चुकीची नक्कल. अ‍ॅशले आईशी बोलायला बाहेर जिन्यात जायचा, हे डॅनियलने कोर्टात सांगितलं होतं. म्हणजे अ‍ॅशले आईशी कसा बोलतो, हे बेसिलच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. आवाज अ‍ॅशलेचा घेतला, आणि मुलगा त्याने स्वतःच्या घरून आणला. वसईतला कुठला मुलगा आईकडे आशीर्वाद मागत नाही, असं त्याला वाटलं असणार.

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच.

"माझं पोर मेलंय असं कुठे मनात आलं? मला वाटलं, अ‍ॅशलेनेच मित्राला सांगितलं असेल. तुला आवाज काढता येतो ना, मग माझ्या म्हातारीशी जरा बोल, मला वेळ नाही. माझ्या पोराने हे केलं असतं, ताई. मला राग आला. पहिल्या दिवशी मी उत्तरच देणार नव्हते. पण त्याने विचारलं होतं, जेवलीस का. मी जेवले नव्हते. एकटीसाठी कोण चूल पेटवतो? मग उठले, भात टाकला, आणि सांगितलं, हो, जेवले." त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं. "माझा मुलगा वाळूत पडला होता आणि मी त्याला मारणाऱ्याला बोंबलाचं कालवण शिकवत होते."

त्या रडल्या. मीही रडले. मी परक्यांसमोर रडत नाही, पण तिथे मला आवरता आलं नाही. मग त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या आणि फोन माझ्यासमोर ठेवला. सगळे मेसेज तसेच होते. एकही पुसलेला नव्हता.

"व्हिडिओ कॉल मागे राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "अ‍ॅशलेचा आवाज म्हणून माझ्याकडे हेच आहेत. ऐकू नये म्हणते. ऐकते."

माफीचे कागद मी बरोबर नेलेले नव्हतेच. त्यांनीच फादरांना फोन लावला आणि म्हणाल्या, वकिलाला बोलवा. का, असं मी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

"क्षमा बिमा मला जमलेली नाही," त्या म्हणाल्या. "जमेल असंही वाटत नाही. पण त्याला मारून मला काय करायचंय? जगू दे तिथे. आणि एक सांगा त्याला. मी ओळखलं होतं, हे सांगा. नक्की सांगा. नाहीतर त्याला वाटायचं, आईला फसवलं."

करामाला परत आले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला. दुपारची वेळ होती. मुरलीधर झोपले होते, मी भाजी निवडत होते. सही पोचल्याचं वकिलाने त्याला आधीच कळवलं होतं, तरी त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"खरंच दिली?"

"दिली."

"थँक यू, काकू. थँक यू." मग तो खाकरला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? त्या मेसेजबद्दल काही बोलल्या? म्हणजे कसं झालं होतं ते? पोलीस पण म्हणाले काकू, मदरला पण कळलं नाही. कोर्टात लिहून घेतलंय तसं."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. आत्ता कुठे मरणातून सुटला होता, आणि याला दाद हवी होती. मी त्याला चार शिव्या घालणार होते. पण माझ्याकडे निरोप होता, आणि तो माझा नव्हता.

"त्यांनी ओळखलं होतं तुला," मी म्हटलं. "पहिल्याच मेसेजला."

"नाही. इम्पॉसिबल." तो लगेच म्हणाला. "काकू, श्वाससुद्धा..."

"श्वास बरोबर होता. तू आशीर्वाद मागितलास. अ‍ॅशले कधी मागत नव्हता."

"असं कसं? सगळेच मागतात."

"तू मागायचास, बेसिल."

पाठीमागे कुणीतरी अरबीत ओरडत होतं, "यल्ला, यल्ला," दुसऱ्या कुणाची तरी पाळी आली असावी. मला वाटलं, लाइन गेली.

"मग त्या रिप्लाय का करायच्या?" त्याने विचारलं.

"जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं त्यांना."

तो पुन्हा बोलला तेव्हा क्षणभर मला वाटलं, फोन दुसऱ्याच कुणीतरी कैद्याने घेतलाय. बारीक, जरासा घोगरा, गावाकडचा आवाज होता. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून तो किती जणांच्या आवाजात बोलला होता, पण हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"काकू," तो म्हणाला, "मी पण दिवसभर त्यांच्याच रिप्लायची वाट बघायचो."